टॉवर समोर दिसतोय तरी रेंज का नाही? अँटेना कुठे बघतोय ते बघा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एकच भांडण होतं. एक गट म्हणतो रेंज नाही, टॉवर आणा, दुसरा म्हणतो टॉवर आणलात तर आम्ही कोर्टात जाऊ. आणि या सगळ्या गोंधळात नवव्या मजल्यावरचे काका न चुकता तोच फोटो टाकतात, त्यांच्या बाल्कनीतून समोर दिसणारा टॉवर, आणि खाली लिहितात, "दीडशे मीटरवर आहे, दांड्या फुल, आणि दूधवाल्याला यूपीआय करायला लिफ्टने खाली जावं लागतं."

काका खोटं बोलत नाहीयेत. मी चार वर्षं ड्राइव्ह टेस्टचं काम केलंय, म्हणजे गाडीत लॅपटॉप आणि पाच-सहा फोन घेऊन गल्लीबोळातून फिरायचं आणि कुठे कोणत्या टॉवरचा किती सिग्नल येतो ते नोंदवायचं. काकांसारख्या तक्रारी तेव्हा रोजच्या होत्या. उत्तर आहे, पण ते ग्रुपवर मावत नाही आणि मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंग टाकतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

टॉवर म्हणजे नुसता खांब

आपण ज्याला टॉवर म्हणतो तो लोखंडी सांगाडा स्वतः काहीच करत नाही. त्याचं काम एवढंच की वरच्या वस्तू उंचावर धरून ठेवायच्या. त्या वस्तूंमध्ये माणसाएवढ्या उंच, पांढरट, पातळ कपाटासारख्या ज्या पट्ट्या दिसतात ते अँटेने. गोल ढोलकीसारखं काही दिसलं तर त्याचा तुमच्या फोनशी थेट संबंध नाही, ते एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरला डेटा पोचवतं.

एकाच टॉवरवर तीन कंपन्यांचे अँटेने असू शकतात, वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. म्हणून शेजाऱ्याच्या फोनला रेंज असते आणि तुमच्या फोनला नसते, टॉवर तोच असला तरी.

उघडा दिवा आणि बॅटरी

अंगणात उघडा बल्ब लावला तर उजेड चहूकडे जातो, वर आकाशातही जातो, तिथे त्याचा कोणाला उपयोग नाही. तोच बल्ब बॅटरीत बसवला, बॅटरी म्हणजे आपला टॉर्च, तर मागची चकचकीत वाटी तो उजेड गोळा करून पुढे फेकते. वीज तेवढीच जळते, पण समोर लख्ख आणि मागे अंधार. जत्रेतला पत्र्याचा कर्णा आवाजाचं हेच करतो, ज्याच्या दिशेने तोंड त्याचे कान फाटतात आणि मागे बसलेला प्रसाद वाटत शांतपणे गप्पा मारतो.

टॉवरवरचा अँटेना नवीन ताकद तयार करत नाही, आहे ती एका बाजूला ढकलतो. या ढकलण्याला 'गेन' म्हणतात. ४जीच्या नेहमीच्या पट्टीचा गेन १७-१८ डेसिबल असतो, म्हणजे सगळीकडे सारखं पसरवलं असतं त्याच्या पन्नास-साठ पट सिग्नल अगदी समोर. यात फुकट काही नाही. समोर पन्नास पट मिळालं ते बाकीच्यांकडून काढून घेतलेलं आहे, आणि पुढची सगळी भानगड या 'काढून घेण्यात' आहे.

तीन तोंडं आणि मधल्या फटी

बहुतेक टॉवरवर एका कंपनीचे अँटेने तीन दिशांना असतात. पूर्ण गोल ३६० अंशांचा, त्याचे तीन वाटे, प्रत्येकी १२०. एका वाट्याला सेक्टर म्हणतात. वाटा १२० अंशांचा असला तरी पट्टीचा मुख्य झोत साधारण ६५ अंशच रुंद असतो, त्याच्या कडेला ताकद निम्म्यावर आलेली असते. दोन सेक्टरच्या बरोबर मध्ये, म्हणजे शिवणीवर, दोघांचंही टोक पोचतं पण दोघंही अशक्त. आणि पट्टीच्या पाठीमागे तर समोरच्यापेक्षा काहीशे ते हजार पट कमी.

शिवणीवर नुसता सिग्नल कमी असता तरी चाललं असतं, टॉवर जवळच आहे. खरी गोम अशी की ४जी आणि ५जीत शेजारचे सेक्टर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. लग्नाच्या पंगतीत डाव्या कानात एक मामा आणि उजव्या कानात दुसरे मामा, दोघं सारख्याच आवाजात, वेगवेगळ्या विषयावर. आवाज भरपूर, कळत काहीच नाही.

काकांच्या फ्लॅटचं नेमकं हेच झालेलं. त्यांची बिल्डिंग दोन सेक्टरच्या शिवणीवर येते. फोनवरच्या दांड्या मुख्यतः आवाज किती मोठा ते दाखवतात, स्पष्ट किती ते नाही, आणि किती सिग्नलला किती दांड्या याचा सगळ्या फोनना लागू असा काही नियमही नाही, ज्याने त्याने आपापलं ठरवलंय. म्हणून दांड्या फुल आणि यूपीआय फिरतंय गोल गोल.

मान किती खाली घालायची

आडव्या दिशेची गोष्ट झाली, आता उभी. उभ्या दिशेत पट्टीचा झोत फारच चपटा असतो, साधारण ६-७ अंश, एखाद्या पातळ भाकरीसारखा. ती भाकरी सरळ आडवी धरली तर सिग्नल लोकांच्या डोक्यावरून क्षितिजाकडे निघून जाईल, म्हणून अँटेनाची मान थोडी खाली घालतात. याला टिल्ट म्हणतात.

शाळेतली त्रिकोणमिती कधी उपयोगाला येणार असं विचारणाऱ्यांसाठी: अँटेना ३० मीटर उंचीवर आहे आणि ६ अंश खाली बघतोय, तर झोताचा मध्य सपाट जमिनीला साधारण २८५ मीटरवर टेकतो. ३ अंश केला तर ५७० मीटरवर. १० अंश केला तर १७० मीटरवरच. म्हणजे बोटभर फरकाने गल्ली बदलते!

आता लोक म्हणतील मग टिल्ट कमीच ठेवा ना, लांबपर्यंत रेंज जाईल. जाईल, पण तिथे दुसरा टॉवर आहे आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या कानात हा जाऊन ओरडेल. आमच्या भाषेत याला ओव्हरशूटिंग म्हणायचे आणि शहरात कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हेच निघायचं. एकदा आम्हाला एका चौकात तीन किलोमीटरवरच्या टॉवरचा सिग्नल जवळच्या टॉवरपेक्षा जास्त मिळाला, कारण तो टॉवर टेकडीवर होता आणि कोणीतरी त्याला जमिनीवरच्या टॉवरएवढाच टिल्ट दिला होता. टेकडीची उंची धरायलाच विसरलेले.

आणि दिव्याखाली अंधार? म्हण इथे अर्धीच लागू पडते. टॉवरच्या अगदी पायथ्याशी मुख्य झोत येत नाही हे खरं, पण अंतर इतकं कमी असतं की सांडलेल्या सिग्नलवरही काम भागतं. जास्त हाल उंच मजल्यावाल्यांचे. चौदाव्या-पंधराव्या मजल्यावरून निम्मं शहर दिसतं, म्हणजे निम्म्या शहराचे टॉवरही फोनला दिसतात, सगळे थोडेथोडे आणि मुख्य असा एकही नाही. हवा छान, व्ह्यू छान, व्हिडिओ कॉल अडकतो.

पूर्वी टिल्ट बदलायला रिगर, म्हणजे वर चढणारा माणूस, पान्हा घेऊन जायचा आणि ब्रॅकेट सैल करून अँटेना वाकवायचा, पावसाळ्यात तर जीव मुठीत धरून. आता बहुतेक पट्ट्यांत छोटी मोटर असते आणि ऑफिसात बसून टिल्ट बदलता येतो, पट्टी जागची न हलता आतल्याआत झोत खाली वळतो. दिशा बदलायची असेल तर मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी माणूसच वर चढतो.

मोठी लहर, छोटी लहर

अँटेनाचा आकार कंपनीच्या मर्जीवर नसतो, लहरीच्या लांबीवर ठरतो. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटिमीटर, १८०० ची जवळपास १७, आणि आपल्याकडचं ५जी मुख्यतः ज्या ३३०० च्या पट्ट्यात (हा पट्टा फ्रिक्वेन्सीचा, अँटेनाची पट्टी वेगळी) चालतं तिथली ९ सेंटिमीटरच्या आसपास. २०२२ च्या सरकारी फ्रिक्वेन्सी लिलावात ७०० पासून थेट २६ गिगाहर्ट्झपर्यंतचे पट्टे विकले गेले, आणि २६ गिगाहर्ट्झची लहर तर जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आतली.

मोठी लहर भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी पार होते, कोपऱ्यावरून वळतेही. छोटी लहर भिंतीला थकते. शिवाय एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, लहर लहान तसा फोनमधला अँटेनाही लहान, आणि लहान अँटेना म्हणजे पावसात मोठ्या घमेल्याऐवजी वाटी धरल्यासारखं, कमीच गोळा होणार. म्हणून ५जीचं चिन्ह बाल्कनीत दिसतं आणि बेडरूममध्ये ४जी होतं. काचांवर धातूचा थर असलेल्या नव्या ऑफिस बिल्डिंगा तर सिग्नलला बाहेरच्या बाहेरच नमस्कार करतात.

मग छोट्या लहरीचा उपयोग काय? दोन आहेत. तिथे फ्रिक्वेन्सीची जागा जास्त, म्हणजे डेटाचा रस्ता रुंद. आणि अँटेना लहान असल्यामुळे टॉवरवरच्या एका डब्यात कितीतरी बसतात. त्याचा फायदा कळायला आधी दहावीचं बीजगणित.

एकसामायिक समीकरणं, तुमच्या खिशात

टॉवरवरच्या पट्टीचं झाकण उघडलं तर आत फुल्या दिसतात, गुणाकाराच्या चिन्हासारख्या. प्रत्येक फुलीत दोन अँटेने, एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, वेगवेगळा डेटा सोडतात. मगाशी म्हटलं की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलले की काही कळत नाही, मग इथे कसं कळतं?

कारण फोनमध्येही दोन अँटेने असतात, आता बऱ्याच फोनमध्ये चार. पहिल्याला मिश्रण ऐकू येतं ते समजा २क्ष + य = ७. दुसरा जरा वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात आहे, त्याला ऐकू येतं क्ष + ३य = ११. दोन समीकरणं, दोन अज्ञात. क्ष बरोबर २, य बरोबर ३. सुटलं! तुमचा फोन हे गणित सेकंदाला लाखो वेळा सोडवतोय. याला मायमो म्हणतात, आणि 'दोन बाय दोन', 'चार बाय चार' म्हणजे इकडे किती अँटेने आणि तिकडे किती.

गंमत अशी की यासाठी भिंती, इमारती, उभे ट्रक यांवर आपटून येणारे सिग्नल हवे असतात, कारण त्यांच्यामुळेच दोन्ही समीकरणं वेगळी होतात. मोकळ्या माळावर टॉवर अगदी समोर असेल तर दुसरं समीकरण येतं ४क्ष + २य = १४, जे पहिल्याचीच दुप्पट आहे, आणि त्यातून काही सुटत नाही. तिथे फुलीचे दोन वेगळे कोन कामाला येतात आणि डेटाच्या निदान दोन तरी धारा वेगळ्या राहतात. तेव्हा गावाकडे फुल सिग्नलवरही स्पीड शहराएवढा येत नसेल तर दरवेळी कंपनीला शिव्या घालू नका. दर दोन वेळी एकदा घाला.

खोडदच्या तबकड्या आणि ५जीचा डबा

पुणे जिल्ह्यात नारायणगावहून खोडदकडे गेलात तर शेतांमध्ये उभ्या असलेल्या प्रचंड जाळीच्या तबकड्या दिसतात. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ती जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण, एकूण ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन हातांत पसरलेल्या, टोकापासून टोक साधारण २५ किलोमीटर. एवढी मोठी एकच तबकडी बांधणं अशक्य, पण अनेक तबकड्यांचे सिग्नल वेळेचा नेमका हिशोब ठेवून एकत्र केले की नजर २५ किलोमीटरच्या तबकडीसारखी तीक्ष्ण होते. (तिथे गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला सांगतात. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तुमचा फोन त्याच्या शेजारी डीजे.)

५जीच्या डब्यात हेच तत्त्व उलट्या दिशेने, ऐकण्याबरोबर बोलण्यासाठीही वापरतात. गावच्या तळ्याच्या काठाला आठ पोरं रांगेत उभी करा. सगळ्यांनी एकदम दगड टाकले तर लाट सरळ समोर जाते. डावीकडून उजवीकडे जरा जराशा अंतराने टाकले तर लाट तिरकी जाते. पोरं जागची हलली नाहीत, फक्त वेळ बदलली. ५जीच्या डब्यात ३२ किंवा ६४ असे स्वतंत्र चालणारे अँटेने-गट असतात आणि ते वेळेच्या या खेळाने झोत वळवतात, सेकंदाच्या हजाराव्या भागात. म्हणजे कायमचा लावलेला हॅलोजन जाऊन नाटकातला स्पॉटलाइट आला, पात्र चालेल तिकडे प्रकाश. आणि एकाच वेळी चार दिशांना चार झोत टाकून चार वेगळ्या फोनना तीच फ्रिक्वेन्सी वापरायला देता येते, गर्दीत खरा फायदा तो.

तुमचा फोन कुठे आहे ते डब्याला कसं कळतं? फोन अधूनमधून एक ठरलेला सिग्नल सोडतो, डबा तो ६४ कानांनी ऐकतो, कुठल्या कानाला किती उशिरा पोचला ते बघतो आणि त्याच हिशोबाने उलट बोलतो.

मग हे ७०० मेगाहर्ट्झवर का करत नाहीत, तिथे रेंज तर चांगली? कारण अँटेने साधारण अर्ध्या लहरीच्या अंतरावर ठेवावे लागतात. ३५०० ला ते अंतर सव्वाचार सेंटिमीटर येतं, आठ रांगा फूटभर रुंदीत बसतात. ७०० ला २१ सेंटिमीटर, आठ रांगा म्हणजे पावणेदोन मीटर रुंद फळा. वाऱ्याने तो फळा टॉवरसकट खाली आणायचा.

पण पॉवर वाढवा ना सरळ

हा हमखास प्रश्न. टॉवरचा रेडिओ ४०-८० वॅट सोडतो, ५जीचा मोठा डबा २०० वॅटच्याही वर. तुमचा फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॉट, म्हणजे एका वॅटचा पाचवा हिस्सा. टॉवरने कितीही आरडाओरडा केला तरी तुमची कुजबुज तिकडे पोचली नाही तर संवाद कसला. चांगला अँटेना इथे दुहेरी कामाचा, कारण तो बोलताना जेवढा जोर देतो तेवढाच ऐकतानाही देतो.

बाजारात मिळणारा बूस्टर लावू का, असंही विचारतात. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि कारण तांत्रिक आहे: तो तुमच्या कुजबुजीसोबत सगळी खरखरही मोठी करून टॉवरच्या कानात ओततो, आणि त्या सेक्टरमधल्या सगळ्यांचं ऐकू येणं बिघडतं.

आणि रेडिएशन?

टाळणार नाही. आधी एक आकडा. अँटेना ४० वॅट सोडतोय, गेन पन्नास पट, आणि तुम्ही ५० मीटरवर बरोबर झोताच्या मध्यात उभे आहात, भिंत नाही, काही नाही. तिथे चौरस मीटरला सुमारे ०.०६ वॅट पडतो. १८०० मेगाहर्ट्झसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ९ वॅट. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहाव्या हिश्श्यावर आणली, म्हणजे ०.९. हिशोब त्या मर्यादेच्याही चौदा-पंधरापट खाली येतो. एकाच गच्चीवर तीन-चार कंपन्या असतील तर बेरीज करायची, आणि झोताच्या तोंडासमोर दोन-तीन मीटरवर कपडे वाळत घालायला जायचं नाही, तिथे आकडा खरंच मोठा असतो. ज्या इमारतीच्या गच्चीवर अँटेना आहे तिच्या वरच्या मजल्यावाल्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते, पण झोत त्यांच्या घरात न जाता समोर बाहेर जातो आणि मध्ये स्लॅबही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. त्या निर्णयात मुख्य भर कानाला लावलेल्या फोनच्या अभ्यासांवर होता. आणि फोन कधी जास्त जोरात ओरडतो? टॉवर लांब असला की. टॉवर हटवा म्हणणाऱ्या गटाने हा भाग एकदा वाचावा. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि पैसे भरून मोजणीही मागवता येते.

काकांचं काय झालं

मी त्यांना सांगितलं, "नेट चालत नाही" अशी तक्रार करू नका. कोणत्या खोलीत, कोणत्या मजल्यावर, फोन कोणत्या दिशेच्या खिडकीत धरला की बरा चालतो आणि दांड्या असूनही अडकतं, असं लिहा. तक्रार हाताळणाऱ्याला त्यावरून सेक्टर ओळखता येतो. सात आठवडे आणि तीन स्मरणपत्रं गेली. मग एका सकाळी रिगर टॉवरवर चढलेला दिसला. एक पट्टी वीस-एक अंशांनी आमच्या बिल्डिंगकडे फिरवली, काकांची शिवण सरकली आणि एकाच सेक्टरचा आवाज स्पष्ट वर आला. ग्रुपवर त्यांनी अंगठा टाकला, स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट टाकला, दूधवाल्याचे पैसे आता बाल्कनीतूनच जातात.

शिवण कुठेतरी जाणारच होती, ती मागच्या गेटवर गेली. तिथे वॉचमनच्या केबिनमध्ये आता फोन धड लागत नाही, घरी बोलायला तो रस्ता ओलांडून पानटपरीपाशी उभा राहतो. वॉचमन ग्रुपवर नाही. तक्रार मीच टाकलीये, आज पाचवा आठवडा.